काळा कातळ, उत्तरेचा समुद्र

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८४७ साली मुंबईच्या बेडकांवर एक टिपण छापून आलं. लिहिणारे होते रिचर्ड ओवेन. पाचच वर्षांपूर्वी 'डायनोसॉर' हे नाव रूढ करणारे तेच हे गृहस्थ. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात या इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले होते. चार वर्षांनी, १८५१ मध्ये, त्याच त्रैमासिकात दुसरा एक निबंध आला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत मल नावाचं बेट आहे. तिथल्या आर्डटनच्या कड्यात, लाव्हाच्या दोन थरांच्या मधोमध, झाडांची पानं जशीच्या तशी उमटलेली मिळाली होती, आणि त्यांची हकिगत आर्गाइलच्या आठव्या ड्यूकने लिहिली होती. हाच ड्यूक पुढे १८६८ ते १८७४ या काळात ब्रिटिश मंत्रिमंडळात भारतमंत्री होता.

वरळीचे बेडूक आणि मलची पानं एकाच गोष्टीची साक्ष देतात. लाव्हा अखंड वाहत नव्हता. एक उद्रेक थांबला की दुसरा सुरू होईपर्यंत इतका काळ जाई की तळी साचत, माती तयार होई, झाडं मोठी होत, बेडूक पिढ्यान्‌पिढ्या नांदत. मग पुढचा लोट येई आणि सगळं गाडून टाकी. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, स्कॉटलंडच्या बेटांवरचा साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीच्या हिशेबात ही दोघं जवळजवळ एका वयाची.

हे नातं आधी सांगायचं कारण असं, की स्कॉटलंडच्या बेटांवर खडक, पक्षी आणि समुद्र बघायला जाणं ही मराठी माणसाला फार परकी, तज्ज्ञांपुरती गोष्ट वाटते. सह्याद्रीत चार किल्ले चढलेल्या कोणालाही तिथला निम्मा कातळ ओळखीचा निघेल. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र जायलाच हवं, कारण तो महाराष्ट्रात जमिनीखाली दडलेला आहे.

आपल्याकडच्या सहली स्कॉटलंडला जातात त्या बहुधा एडिंबरोचा किल्ला, लॉख नेसचं तळं आणि वेळ उरलाच तर स्काय बेटावरचे चार 'पॉइंट' असा मार्ग धरून. बस थांबते, फोटो निघतात, बस सुटते. महाबळेश्वरला हे चालून जातं. हेब्रिडीजमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला विखुरलेल्या या द्वीपसमूहात, ते अजिबात चालत नाही. तिथे अर्धा वेळ ढग खाली आलेले असतात आणि पॉइंटवर उभं राहून दिसतं ते फक्त धुकं. पण पायाखालचा दगड पावसातही दिसतो, उलट ओला झाला की त्याचे रंग जास्त खुलतात. तेव्हा खडकाचा माग धरून फिरणं हाच तिथला शहाणपणाचा मार्ग. पक्षी, हरणं, फुलं, ओसाड पडलेली गावं, सगळ्यांचा धागा शेवटी त्या खडकापाशीच येऊन मिळतो.

बेटं तशी शेकड्यांनी आहेत. मुख्य भूमीजवळच्या आतल्या रांगेत स्काय, मल, रम, एग, जुरा, आयला; बाहेरच्या रांगेत लुईस, हॅरिस, युइस्ट, बारा; आणि दक्षिणेला क्लाइडच्या खाडीत एकटं एरन. मल आणि रम ही नावं वाचून मराठी वाचक हसणारच. हसून झालं की नकाशा उघडावा.

सहा कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांना चिकटून होते. आज आइसलँडच्या पोटात धगधगणारा उष्ण झोत तेव्हा या भूभागाच्या खालून वर येत होता. कवच ताणलं गेलं, भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. पुढे ती फट रुंदावत गेली आणि उत्तर अटलांटिक महासागर उघडला. दख्खनची कथा याच घराण्यातली आहे. फक्त तिथे झोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेला, आणि भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत होता. दोन्हीकडे परिणाम सारखा: पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. प्रत्येक लोटाचा मधला भाग टणक, त्याचा उभा कडा राहतो; वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, तो झिजून गवताळ टप्पा होतो. दोन लोटांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा, म्हणजे त्या जुन्या काळातली जमीन. मलच्या आर्डमीनाख नावाच्या भूशिराकडे समुद्रातून पाहिलं तर हे सगळे टप्पे एकावर एक मोजता येतात. गवत तेवढं जास्त हिरवं असतं आणि पायथ्याशी समुद्र.

या सच्छिद्र लाव्हाच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाणी झिरपलं आणि त्यात पांढरी, गुलाबी स्फटिकं जमली. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतली झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत दिमाखाने ठेवलेली असतात. गायरोलाइट या खनिजाचे वाटोळे, रेशमी झाक असलेले गोळे मुंबईच्या मालाड-कांदिवलीच्या खाणींत आणि पुण्याच्या आसपास मिळालेले आहेत. त्या खनिजाची शास्त्रीय नोंद मात्र पहिल्यांदा झाली ती १८५१ मध्ये, स्कायच्या स्टॉर डोंगरावरच्या नमुन्यावरून.

मग फरक कुठे आहे? महाराष्ट्रात लाव्हाची रास अजून मोठ्या प्रमाणात शाबूत आहे. आपण तिच्या पाठीवर राहतो. हेब्रिडीजमध्ये पाऊस, समुद्र आणि मुख्य म्हणजे हिमयुगातल्या हिमनद्या यांनी ती रास इतकी खरवडली, की ज्वालामुखीची मुळंच उघडी पडली. ज्या कोठारात शिलारस साठून सावकाश थिजला, ते कोठार आज डोंगर होऊन उभं आहे. स्कायचे काळे कूलिन डोंगर ते हेच. सर्वांत उंच शिखर स्गूर ॲलस्टर ९९२ मीटरचं, म्हणजे उंचीने आपल्या कळसूबाईच्या बरंच खाली. पण चढणाऱ्यांच्या जगात या रांगेचा दरारा मोठा आहे. तिचा खडक गॅब्रो, रासायनिकदृष्ट्या बेसाल्टचाच सख्खा भाऊ, पण खोलवर हळूहळू थंड झाल्यामुळे भरड दाण्यांचा. कानशीसारखा खरखरीत. त्यावर बूट छान धरतात आणि बोटांची सालं निघतात. त्यातच मधूनमधून बेसाल्टच्या पातळ भित्ती घुसलेल्या आहेत, आणि त्या पावसात साबणासारख्या निसरड्या होतात. काळा खडक बघून दोन्ही एकच समजणारा तिथे फसतो. होकायंत्रावरही विसंबू नये, कारण या खडकातल्या चुंबकीय खनिजामुळे सुई भलतीकडे वळते.

काळ्या कूलिनच्या शेजारी लाल कूलिन आहेत, ग्रॅनाइटचे, गोलसर, घसरड्या दगडगोट्यांनी झाकलेले. एकाच दरीच्या दोन बाजूंना दोन खडक, आणि दोघांचे डोंगर दोन स्वभावांचे. भूशास्त्रज्ञ आल्फ्रेड हार्कर यांनी हा सगळा प्रदेश पायाखाली घालून नकाशे केले आणि १९०४ मध्ये स्कायवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्याआधी जॉन जड आणि आर्चिबाल्ड गाइकी या भूशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद रंगला होता. जड म्हणत, इथे एटनासारखे प्रचंड ज्वालामुखी होते आणि हे डोंगर म्हणजे त्यांची खोडं. गाइकींनी अमेरिकेतल्या स्नेक नदीची लाव्हाची मैदानं पाहिली होती. ते म्हणत, लाव्हा लांब भेगांमधून पसरला. आज मागे वळून पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य निघालं. मैदानं घडवणारा लाव्हा मुख्यतः भेगांतून आला, आणि ज्वालामुखींची केंद्रंही खरीच होती. मलवर तर या केंद्राभोवती खडकांची कडी आहेत, एकाबाहेर एक. भूभाग खाली खचला आणि कडेच्या गोल भेगेत शिलारस वर चढला, त्याच्या या खुणा. १९२४ मध्ये मलवरचा सरकारी ग्रंथ निघाला, तेव्हापासून जगभरचे भूशास्त्रज्ञ ही कडी बघायला येत आहेत.

आता स्टॅफा. हे बेट टाळून हा विषय पुढे जात नाही, म्हणून थोडं थांबायला हवं.

मलच्या पश्चिमेला, छोट्या बोटीने तासाभराच्या आत पोचता येईल इतकं हे जवळ, आणि आकाराने इतकं लहान की निवांत चालत फिरून होतं. १७७२ च्या ऑगस्टमध्ये निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स आइसलँडला जाताना वाटेत इथे उतरले आणि त्यांच्या वर्णनाने हे बेट युरोपभर गाजलं. त्यानंतर रांगच लागली. १८२९ मध्ये तरुण संगीतकार मेंडेल्सन आला, बोट लागून बेजार झाला, आणि तरीही त्याची 'हेब्रिडीज' ही रचना या सफरीतून जन्मली. टर्नरने चित्र काढलं. १८४७ मध्ये, म्हणजे वरळीच्या बेडकांच्या वर्षीच, खुद्द राणी व्हिक्टोरिया येऊन गेली.

बेटाची रचना तीन मजली आहे. तळाशी ज्वालामुखीच्या राखेचा खडक, मधे उभ्या स्तंभांची रांग, आणि वर वेडेवाकडे, बारीक स्तंभ गुंतलेली जाड टोपी. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो, आणि आकसताना भेगा पडतात, आटलेल्या तळ्याचा चिखल उन्हात तडकतो तशा. तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनात मिळाल्या की ताण सर्वांत सहज सुटतो, म्हणून षटकोन जास्त. पण पाच आणि सात बाजूंचे स्तंभही भरपूर सापडतात. पृष्ठभागावर पडलेली भेग थंडाव्याबरोबर टप्प्याटप्प्याने आत शिरत जाते, आणि प्रत्येक टप्प्याची आडवी खूण स्तंभाच्या अंगावर राहते. जवळ जाऊन बोट फिरवलं तर ती पट्टीवरच्या रेघांसारखी हाताला लागते. थंड होणं संथ, तर स्तंभ जाड आणि सरळ. घाईचं, तर बारीक आणि वाकडे. वरच्या टोपीत पाणी शिरून ती झटपट निवली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

फिंगलची गुहा याच स्तंभांत समुद्राने कोरलेली. लांबी सुमारे ७० मीटर. भरतीच्या लाटा आत शिरल्या की खोल घुमारा उठतो. गॅलिक भाषेतलं गुहेचं नावच 'सुरेल गुहा' असं आहे. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर हेच स्तंभ, दख्खनच्या काळातले, जवळजवळ ६० मीटर उंच सरळसोट उभे आहेत. भोवती इमारतींची दाटी, डोक्यावर देऊळ. मुंबईकराने स्टॅफाला जाण्याआधी रिक्षा करून तिथे एकदा जाऊन यावं, हे काही गमतीने म्हटलेलं नाही.

स्टॅफाच्या माथ्यावर एप्रिल ते जुलै पफिन पक्षी असतात. लाल-निळ्या चोचीचा, डौलदार आणि काहीसा विदूषकी पक्षी, गवतातल्या बिळात अंडं घालतो. माणसं शांत बसली तर हे पक्षी हातभर अंतरावर येतात. माणसं असली की गल पक्षी धाडस करत नाहीत, म्हणून पफिन आपल्याला राखणदार समजतात, असं नावाडी सांगतात.

मलवर एक झाड आहे, कातळातलं. आर्डमीनाखच्या टोकाशी बर्ग नावाच्या जागी लाव्हाच्या कड्यात सुमारे १२ मीटर उंचीचा खोडाचा ठसा उभा आहे. झाड जिथे होतं तिथेच लाव्हाने त्याला वेढलं. जॉन मॅक्युलॉक या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची नोंद केली, आणि १८१९ मध्ये या पश्चिम बेटांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. म्हणून ते मॅक्युलॉकचं झाड. तिथे जायला वाहनतळापासून जाऊन-येऊन १७-१८ किलोमीटरची चाल आहे. शेवटी कड्याला लावलेली लोखंडी शिडी उतरावी लागते आणि मग गोल, शेवाळलेल्या धोंड्यांवरून किनाऱ्याने सरकायचं. भरतीचं वेळापत्रक न बघता गेलेला माणूस तिथे अडकतो. पोचल्यावर आधी काही कळत नाही. मग लक्षात येतं, की कड्यातले स्तंभ एका जागी सरळ राहिलेले नाहीत, वळून एका उभ्या खोबणीकडे तोंड करून आडवे झालेत. स्तंभ नेहमी थंड पृष्ठभागाशी काटकोन करतात, आणि इथे थंड पृष्ठभाग म्हणजे ते ओलसर खोड. त्या खोबणीत जळक्या लाकडाचा अंश होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी दोनशे वर्षांत बहुतेक सगळा खणून खिशात घालून नेला. जगात सगळीकडचे पर्यटक सारखेच.

स्कायबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. बेट अप्रतिम आहे, पण १९९५ मध्ये पूल झाला, पुढे सिनेमा आणि मोबाइलमधले फोटो यांनी कळस केला, आणि आता जुलै-ऑगस्टमध्ये 'ओल्ड मॅन ऑफ स्टॉर' या ५० मीटरच्या सुळक्याखाली गाड्या लावायला जागा मिळत नाही. या सुळक्याचा फोटो सगळे काढतात; तो तिथे का उभा आहे हे विचारणारे कमी. ट्रॉटर्निश द्वीपकल्पावर लाव्हाची जड रास ज्युरासिक काळातल्या मऊ शेल आणि चिकणखडकांवर बसली आहे. खालचा खडक भार सोसेना, म्हणून कडाच्या कडा घसरून खाली आला. ब्रिटनमधली ही सर्वांत मोठी दरड. स्टॉरचा सुळका हा घसरलेल्या भागाचा उरलेला तुकडा. उत्तरेकडच्या क्विराँगमध्ये दरड अजून सरकते आहे आणि तिथला रस्ता सारखा दुरुस्त करावा लागतो. माळीण किंवा तळिये आठवणाऱ्याला 'दरड' या शब्दाचा दुसराच अर्थ माहीत असतो. तिथे ती हळू सरकते आणि तिच्यावर मेंढ्या चरतात.

त्याच ज्युरासिक खडकांत, स्टॅफिनजवळच्या ॲन कॉरनच्या किनाऱ्यावर, तीन बोटांच्या डायनोसॉरांची पावलं आहेत, साडेसोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीची. ओहोटी हवी, आणि वादळी हिवाळ्याने वरची वाळू धुऊन नेलेली हवी. भर उन्हाळ्यात पुष्कळदा वाळूच पावलं झाकून टाकते. २०१७ मध्ये याच परिसरात एका उडत्या सरीसृपाचा बराचसा सांगाडा मिळाला, पंखांचा पसारा अडीच मीटरच्या वर. खडकातून करवतीने कापून, भरती यायच्या आत, तो बाहेर काढावा लागला. स्कायवरच्या या जागांना २०१९ पासून कायद्याचं खास संरक्षण आहे. तिथून जीवाश्म उचलणं हा गुन्हा आहे.

खडकावरून जीवसृष्टीकडे जायला रम बेटाइतकी चांगली वाट दुसरी नाही. तिथले डोंगर गडद, जड, मॅग्नेशियमने भरलेल्या खडकाचे. शिलारसाच्या तळाशी स्फटिक साचत गेले आणि त्यांचे पट्टे झाले. हॅलिव्हल शिखराच्या अंगावर ते लांबूनही मोजता येतात. या पट्ट्यांमधल्या भुसभुशीत मातीत, समुद्रसपाटीपासून कितीतरी वर, मँक्स शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी बिळं करतात. जगातल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक. दिवसभर समुद्रावर असतात आणि गडद रात्री डोंगरावर परततात, तेही असे किंचाळत की उत्तरेकडून आलेल्या नॉर्स खलाशांनी या डोंगरांपैकी एकाला राक्षसांचं नाव दिलं असं सांगतात. त्यांच्या विष्ठेने तेवढ्या उतारावर गवत पोसलं जातं. बाकी बेटाची माती आम्लधर्मी, चुन्याने दरिद्री. लाल हरणांच्या शिंगांना आणि हाडांना चुना लागतो. रमच्या हरणांनी त्यावर उपाय शोधला: ती शिअरवॉटरच्या पिल्लांची डोकी आणि पाय चावून खातात. शाकाहारी हरणाची ही सवय १९८० च्या दशकात शास्त्रीय नियतकालिकात नोंदली गेली. रमच्या हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे, आणि रानटी जनावरांच्या इतक्या दीर्घ अभ्यासाची उदाहरणं जगात मोजकीच.

बाहेरच्या बेटांवर याच्या अगदी उलट. तिथला मूळ खडक नाईस, ब्रिटनमधला सर्वांत जुना, काही भाग ३०० कोटी वर्षांचा; त्यावर आम्ल दलदल आणि पीट. पण पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक शंखशिंपल्यांचा चुरा आणून टाकतो आणि वारा तो आत पसरवतो. या चुनखडी वाळूवर जी सपाट कुरणं तयार झाली त्यांना तिथले लोक मॅखर म्हणतात. जूनमध्ये त्यांवर फुलांचा सडा पडतो, आणि गवतातून कॉर्नक्रेक हा लाजाळू पक्षी कंगव्यावर नख ओढल्यासारखा ओरडत राहतो. तो आफ्रिकेतून इथे येतो. दिसत मात्र जवळजवळ नाही.

मलचा मानकरी पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. मेंढपाळ आणि शिकारमालकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ब्रिटनमधून संपवला होता. १९७५ पासून नॉर्वेची पिल्लं रमवर आणून सोडली गेली, आणि १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. पंखांचा पसारा २.४ मीटरपर्यंत. आज त्याला बघायला येणाऱ्यांवर मलच्या कितीतरी घरांचं पोट चालतं. कोकरं उचलतो म्हणून काही शेतकऱ्यांची तक्रारही आहे, आणि ती पूर्णपणे खोटी नाही.

मोकळे डोंगर आणि सुनसान दऱ्या पाहून 'अस्पर्श निसर्ग' असं लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. रमवरची सुमारे ३०० माणसं १८२६ मध्ये जमीनमालकाच्या इच्छेने जहाजांत भरून कॅनडाला पाठवली गेली, मेंढ्यांना जागा हवी होती म्हणून. डोंगरउतारावर गवताखाली जे उंचवटे-खोलगटांचे पट्टे दिसतात ती त्यांची वाफ्यांची शेती. मलचा मुलगा लॅकलन मॅक्वारी याच काळातला. हिंदुस्थानात सैन्यात नाव काढलं, मुंबईत लग्न केलं, पहिल्या बायकोला मुंबईतच पुरलं, पुढे ऑस्ट्रेलियात गव्हर्नर झाला आणि शेवटी मलवरच्या ग्रूलिनला त्याची समाधी झाली. बेटांवरून माणसं कशी जगभर फेकली गेली, याचा तो सुखवस्तू नमुना. उलटा प्रवाह एगवर दिसतो. तिथल्या रहिवाशांनी १९९७ मध्ये बेट मालकाकडून विकत घेतलं, आणि २००८ पासून पाणी, वारा, ऊन यांवर स्वतःची वीज चालवतात. एका घराला एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त ओढता येत नाही. बेटाच्या डोक्यावरचा स्गूर हा ३९३ मीटरचा काळा सुळका म्हणजे जुन्या दरीत ओतला गेलेला काचेसारखा लाव्हा. दरीच्या भिंती झिजून गेल्या आणि दरीतला भराव डोंगर होऊन उरला.

लाव्हाच्या बाहेरही बरंच आहे. आयोना बेटावर ५६३ मध्ये संत कोलंबा उतरला. मठ बघायला येणाऱ्यांपैकी फारच थोडे समोर मलच्या टोकाला दिसणारा गुलाबी ग्रॅनाइट बघतात, जो लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलापर्यंत गेला. आयला आणि गार्व्हेलाख बेटांवरचे काही खडक सुमारे ७२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी बर्फाने झाकली जाण्याच्या काळाचे. २०२४ च्या एका अभ्यासाने गार्व्हेलाखवर त्या बदलाची सुरुवातच नोंदलेली असल्याचं दाखवलं. जुराच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रापासून कितीतरी वर गोट्यांचे जुने किनारे आहेत, कारण बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन वर आली.

आणि एरन. १७८७ मध्ये भूशास्त्रज्ञ जेम्स हटन तिथे आला. लॉखरॅन्झाजवळच्या किनाऱ्यावर त्याला उभे कललेले शिस्टचे थर दिसले आणि त्यांच्यावर वेगळ्याच कलाने टेकलेला वालुकाश्म. म्हणजे एक खडक तयार झाला, दुमडला, उचलला गेला, झिजला, आणि मग त्याच्यावर दुसरा साचला. बायबलच्या हिशेबातली काही हजार वर्षं याला पुरणार नव्हती. पुढच्या वर्षी मुख्य भूमीवरच्या सिकर पॉइंटला त्याला याहून ठळक पुरावा मिळाला आणि नाव त्याचं झालं. एरनची जागा लहान, ओबडधोबड, पहिल्या नजरेत न कळणारी आहे. म्हणूनच ती शोधण्यात मजा. एप्रिल २०२५ मध्ये एरनला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांत स्थान मिळालं. तिथल्या कॅटाकोल दरीत जगात दुसरीकडे कुठेही न उगवणारी व्हाइटबीम झाडं आहेत, त्यांतल्या एका जातीची तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता जाणाऱ्यांसाठी. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा उत्तम काळ. पाऊस तुलनेने कमी, रात्री दहानंतरही उजेड, पफिन हजर, आणि मिज नावाचे सूक्ष्म डास अजून पूर्ण जोमात आलेले नसतात. जुलैत वारा पडला की हे डास डोंबिवलीच्या डासांना लाजवतील. मलला जायला ओबनहून क्रेगन्यूअरची फेरी पाऊण-एक तासाची. गाडी न्यायची तर आधीच आरक्षण करावं. रम, एग आणि आयोना इथे पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, आणि ते बरंच आहे. रस्ते बहुतेक एकेरी, मधेमधे बाजूला थांबायच्या जागा; समोरच्याला वाट दिली की हात वर करायचा. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने कुठेही चालण्याचा हक्क दिला आहे. फाटकं मात्र जशी होती तशी लावून पुढे जायचं. खाण्याची चिंता मालवणी जिभेला नाही, कालवं आणि कोळंबीचे मोठे भाऊबंद ताजे मिळतात. शाकाहाऱ्याने सूप, पाव आणि बटाट्यावर दिवस काढण्याची तयारी ठेवावी.

आठवडा हातात असेल तर पाच बेटं करू नयेत. मल एकच धरावं, तिथून एक दिवस स्टॅफा, एक दिवस आयोना, एक दिवस मॅक्युलॉकचं झाड. स्काय दुसऱ्या वर्षासाठी ठेवलेलं बरं. दहापट दाखवणारं भिंग, भरतीचं वेळापत्रक आणि ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा नकाशा सोबत घ्यावा. हातोडी घरीच राहू द्यावी.